जेराल्ड ऑंजियर : सुरतेत निजलेले मुंबईचे गव्हर्नर

सुरत म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवतात त्या शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्या, आणि त्यानंतर घारी व उंधियू. याच शहरात कतारगाम दरवाजाच्या बाजूला इंग्रजांचे एक जुने कबरस्तान आहे, आणि मुंबईचे पहिले दोन कंपनी-गव्हर्नर तेथे मातीआड आहेत, हे आमच्या मंडळ्यांतील थोड्याच जणांना ठाऊक असते. प्रथमच जाणारा तर चुकून एखाद्या नबाबाच्या मकबऱ्यात आलो की काय असे समजतो. घुमट, कमानी, मिनारवजा खांब असा सारा थाट मोगली आहे. क्रूस शोधावा लागतो. सर्वांत उंच इमारत ऑक्झेंडन बंधूंची. धाकटे ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारले, थोरले सर जॉर्ज १६६९ मध्ये. धाकट्याच्या कबरीवरच थोरल्याचा मोठा घुमट चढवला आहे, आणि सारी वास्तू चाळीस फुटांच्या आसपास जाते. परमुलखात चार पैसे मिळवायला आलेल्या व्यापाऱ्यांनी मेल्यावर एवढा थाट का करावा? कारण उघड आहे. मोगल अंमलदारांच्या डोळ्यांत भरावे, आणि पलीकडच्या डचांपेक्षा आपण कमी दिसू नये.

याच आवारात जेराल्ड ऑंजियर यांना मूठमाती मिळाली. सर जॉर्ज यांच्यानंतर ते गव्हर्नर झाले, आणि मुंबई शहराचा पाया घालण्याचे श्रेय इतिहासकार त्यांनाच देतात. तथापि त्यांच्या कबरीवर आज नाव नाही. ऑक्झेंडन बंधूंच्या जवळची एक मोठी बेनाव कबर त्यांची, असे परंपरेने मानतात, इतकेच. म्हणूनच हे चरित्र सांगावेसे वाटले.

ऑंजियर यांचे घराणे आयर्लंडमधील उमरावांपैकी. डब्लिन शहरात एका रस्त्याला आजही या घराण्याचे नाव आहे. जेराल्ड हे धाकटी पाती. त्या काळी उमरावाची जमीन व पदवी थोरल्याकडे जाई आणि धाकट्यांनी सैन्य, चर्च किंवा व्यापार यांपैकी एक वाट धरायची असे. यांनी ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरली व ऐन विशीत ते सुरतेच्या वखारीत दाखल झाले. तेव्हा वखारीचे अध्यक्ष सर जॉर्ज ऑक्झेंडन होते. १६६४ च्या जानेवारीत महाराजांची पहिली स्वारी झाली. मोगल सुभेदार किल्ल्यात जाऊन दडून बसला. ऑक्झेंडन यांनी मात्र वखारीची दारे लावून, जहाजांवरचे खलाशी आत घेऊन ती लढवली. औरंगजेबाने खूश होऊन त्यांना जकातीत सूट दिली आणि कंपनीने बक्षीस दिले. त्याच स्वारीत कॅपुचिन पंथाचे फादर अँब्रोझ यांच्या वसतीला महाराजांनी धक्का लावू दिला नाही, ही हकीकत बर्निए या फ्रेंच प्रवाशाने नोंदून ठेवली आहे. रविवारच्या शाळेत मुलांना सांगण्याजोगी ती गोष्ट आहे.

सुरतेच्या वखारीतले जीवन कसे होते याचे वर्णन स्ट्रेनशॅम मास्टर या अधिकाऱ्याने १६७२ साली एका पत्रात केले आहे. त्या वेळी अध्यक्ष ऑंजियरच होते. सारे नोकर एकाच छपराखाली राहत आणि एकाच मेजावर जेवत. सकाळी कामाला लागण्यापूर्वी प्रार्थना, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना आणि रविवारी तीन वेळा उपासना होत असे. चुकवणाऱ्याला दंड भरावा लागे! आपल्या एखाद्या मंडळीत हा नियम लावला तर खजिनदार आनंदित होतील, पाळकसाहेब मात्र विचारात पडतील. थट्टा बाजूला ठेवू. दंडाच्या धाकाने झालेली प्रार्थना किती खोल जाते, हा प्रश्न आम्हांसही पडतो. परंतु घरापासून सहा-सात महिन्यांच्या समुद्रप्रवासावर असलेली ती तरुण पोरे होती. दारू व जुगार हाताशी होते. त्यांना दिवसातून दोनदा गुडघे टेकायला लावणारा वडीलधारा कोणीतरी असावा, हे काही वाईट नव्हते.

१४ जुलै १६६९ रोजी सर जॉर्ज सुरतेस वारले आणि ऑंजियर त्यांच्या जागी आले. वय तिशीच्या आतबाहेर. दोन महिने होतात न होतात तोच त्यांच्यापुढे एक प्रसंग उभा राहिला. आमच्या मते त्यांच्या पुढच्या साऱ्या कारभाराची किल्ली याच प्रसंगात आहे.

सुरतेच्या काझीने त्या दिवसांत वाणी लोकांचा फार छळ मांडला होता. धर्म बदलण्याची सक्ती होई, देवळे वाचवण्यासाठी पैसे उकळले जात. शेवटी वाणी मंडळींनी शहर सोडण्याचा निश्चय केला. त्यांच्यातले काही प्रमुख लोक ऑंजियर यांना भेटले आणि आम्हांला मुंबईत थारा द्याल काय, असे त्यांनी विचारले. ऑंजियर यांनी होकार दिला नाही. मोगल बादशहाच्या मुलखात वखार आहे, त्याच्याच रयतेला फूस लावून नेल्याचा ठपका आला तर कंपनीचा सारा व्यापार बुडेल, हे भय त्यांना होते. तूर्त अहमदाबादेस जाऊन वर दाद मागा, असा सल्ला त्यांनी दिला. सप्टेंबर १६६९ मध्ये सुमारे आठ हजार वाणी बायकामुले मागे ठेवून भडोचेकडे निघून गेले. सुरतेचा बाजार ओस पडला. सराफी बंद, टांकसाळ बंद, जकात बंद. अखेर बादशहाकडून अभयाचे पत्र आले तेव्हा डिसेंबरात ते परतले.

ऑंजियर यांनी दाखवली ती व्यवहारी सावधगिरी होती, आणि तिला धर्माचे नाव देता येणार नाही. दाराशी आलेल्या त्रस्त माणसाला त्यांनी सल्ला देऊन वाटेला लावले. पण हा प्रसंग ते विसरले नाहीत असे त्यांच्या पुढच्या वर्तनावरून दिसते. त्यांचे मोठेपण आम्हांस इथे जाणवते.

आता मुंबईकडे वळू. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर हे बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले. राजाला ते परवडेना. १६६८ साली त्याने वर्षाला दहा पौंड भाड्याने ते कंपनीला देऊन टाकले. दहा पौंड! त्याच वर्षी २३ सप्टेंबरला कंपनीने ताबा घेतला आणि सुरतेचा अध्यक्ष हाच मुंबईचा गव्हर्नर ठरला. ऑक्झेंडन यांना त्या कामासाठी जेमतेम दहा महिने लाभले. खरे काम ऑंजियर यांच्या वाट्याला आले. ते १६७० च्या आरंभी बेटावर जाऊन आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाराजांनी सुरतेवर दुसरी स्वारी केली. त्या वेळी ऑंजियर सुवाळीच्या बंदरावर होते आणि वखार मास्टर याने राखली. या दुसऱ्या स्वारीनंतर सुरतेचा भरवसा उरला नाही, आणि कंपनीचे ठाणे मुंबईस हलवावे असा आग्रह ऑंजियर धरू लागले. १६७२ च्या जूनमध्ये ते स्वतः मुंबईस येऊन राहिले ते १६७५ पर्यंत.

बेट कसले, सात तुकड्यांचा चिखलच तो. भरती आली की मधले भाग पाण्याखाली जात. ताप आणि हगवण यांनी इंग्रज माणूस दोन पावसाळे काढील की नाही याची शंका असे. त्यात जमिनींचे तंटे. कोणती जमीन पोर्तुगीज जमीनदारांची आणि कोणती राजाची, याचा निकाल लागत नव्हता आणि कोणालाच आपल्या वाडीवर खात्रीने नारळ लावता येत नव्हता. ऑंजियर यांनी जमीनदारांना एकत्र बोलावले. सर्वांनी मिळून वर्षाला वीस हजार झेराफिन कंपनीला द्यावेत आणि कंपनीने जमिनींवरचा दावा सोडावा, असा करार १६७२ मध्ये ठरला व १६७४ मध्ये कायम झाला. तंटा मिटला. १६७२ च्या ऑगस्टात पोर्तुगीज कायदा बंद होऊन इंग्रजी कायदा लागू झाला. जॉर्ज विलकॉक्स न्यायाधीश झाले, आणि कोर्ट उघडण्याच्या दिवशी मोठी मिरवणूक निघाली. त्या प्रसंगी गव्हर्नरांनी न्यायाधीशास बजावले की येथे इंग्रज, पोर्तुगीज, हिंदू, मुसलमान असा भेद न करता एकच न्याय द्यावा. पुढील दोन-अडीचशे वर्षांत हा शब्द कितपत पाळला गेला हे आपण जाणतो, आणि तो इतिहास कडू आहे. तरी तो उच्चारला गेला, ही गोष्ट खरी. लहानसहान तंटे ज्या त्या जातीच्या पंचांनी मिटवावेत ही सोयही ऑंजियर यांनीच केली.

१६७३ च्या फेब्रुवारीत डचांचे मोठे आरमार मुंबईसमोर येऊन ठेपले. सेनापती व्हान गोएन्स. इंग्लंड व हॉलंड यांच्यात तेव्हा युद्ध चालू होते. बेटाचा कोट अर्धाकच्चा, गोरे शिपाई मूठभर. ऑंजियर यांनी बेटावरच्या सर्व जातींच्या लोकांना हाताशी धरले, तोफा नीट मांडल्या आणि ते स्वतः तटावर उभे राहिले. डचांनी अंदाज घेतला आणि ते निघून गेले. हाच धीर पुढल्या वर्षी दुसऱ्या रीतीने कसोटीला लागला. पगार व रसद यांवरून शिपायांनी बंड केले. त्यांच्या बऱ्याच मागण्या ऑंजियर यांनी मान्य केल्या, परंतु ऑक्टोबर १६७४ मध्ये एका कॉर्पोरलला गोळी घालण्यात आली. लष्करी शिस्तीच्या दृष्टीने ते आवश्यक असेल. तरी भुकेच्या तक्रारीतून सुरू झालेले बंड एका गरीब शिपायाच्या देहान्तात संपले, हे वाचताना मन खट्टू होते.

त्याच वर्षी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्यास हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील हजर होता व त्याने लिहिलेली हकीकत आज इतिहासाच्या अभ्यासात मोलाची मानली जाते, हे शाळेत आपण शिकलोच. त्या वकिलाला गडावर पाठवणारे गव्हर्नर म्हणजे हेच ऑंजियर. राजापूरची वखार १६६१ मध्ये लुटली गेली होती. तिची भरपाई आणि व्यापाराची मोकळीक यांविषयी तह झाला. ज्यांच्या फौजेपुढे दोनदा सुरतेची वखार राखावी लागली, त्यांच्याशीच ऑंजियर यांनी शेजारधर्म जोडला. मोगल, मराठे, सिद्दी, पोर्तुगीज, डच या पाच जणांच्या मध्ये सापडलेल्या बेटाचा कारभार त्यांना करायचा होता, तेव्हा दुसरा शहाणपणाचा मार्ग तरी कोणता?

येथवरचे सारे राजकारण झाले. आमच्या वाचकांना अधिक जवळचा भाग पुढे आहे. मुंबई वसवायची तर माणसे हवीत, आणि माणसे आपला देवधर्म घेऊन येतात. पारशी, आर्मेनियन, वाणी, मुसलमान या सर्वांना ऑंजियर यांनी बेटावर बोलावले व आपापल्या रीतीने उपासना करू दिली. पारशांचा मलबार हिलवरचा पहिला दखमा याच काळातला. दीवचा निमा पारख नावाचा मोठा वाणी व्यापारी मुंबईस येण्यापूर्वी आपल्या अटी घालत होता. आपल्या लोकांना घरात आपला धर्म मोकळेपणी पाळू द्यावा, प्रेते जाळू द्यावीत, वाड्याच्या आवारात कोणी प्राण्याची हत्या करू नये, आणि मुख्य म्हणजे लहान असो वा थोर, कोणालाही बळजबरीने ख्रिस्ती करू नये. १६७७ च्या वसंतात सुरतेच्या मंडळाने या अटी मान्य केल्या. अध्यक्ष ऑंजियरच होते, आणि त्यांच्या आयुष्याचे तीन-चार महिनेच उरले होते. आठ वर्षांपूर्वी ज्या जातीच्या माणसांना त्यांनी दारातून परत पाठवले होते, त्याच जातीला आता लेखी अभय मिळाले.

कोणी म्हणेल की हे धर्मप्रेमातून झाले नाही, व्यापारी गरजेतून झाले. गरज होतीच, आम्ही नाकारत नाही. परंतु शेजारच्या पोर्तुगीज मुलखात काय चालले होते तेही पाहावे. तेथे बाप मेलेल्या हिंदू मुलांना उचलून त्यांचा बाप्तिस्मा करण्याचा कायदाच होता. व्यापाराची गरज पोर्तुगीजांना नव्हती काय? त्यामुळे साऱ्या गोष्टी गरजेच्या माथी मारता येत नाहीत. बळजबरीने पाण्याखाली घातलेले डोके म्हणजे शिष्य नव्हे, एवढे तरी ऑंजियर यांना कळले होते असे आम्ही मानतो.

मग स्वतःच्या धर्माविषयी ते उदासीन होते काय? मुळीच नाही. मुंबईत इंग्रजांची उपासना किल्ल्यातल्या एका खोलीत होत असे. स्वतंत्र मंदिर व्हावे म्हणून ऑंजियर यांनी वर्गणी सुरू केली आणि काम सुरू झाले. १६७५ साली त्यांनी मुंबईच्या ख्रिस्ती लोकांना प्रभुभोजनासाठी चांदीचा एक प्याला अर्पण केला. तो सेंट थॉमस कॅथीड्रलच्या ठेव्यात आहे. त्यांचे राहणे मात्र साधे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्या काळी मुंबईस आलेले डॉक्टर फ्रायर लिहितात की गव्हर्नर जेवायला बसले की प्रत्येक वाढीला तुताऱ्या वाजत आणि ते बाहेर निघाले की पुढे चांदीच्या काठ्या चालत. प्याला देणारा हात आणि तुताऱ्या ऐकणारे कान एकाच माणसाचे होते. अशी माणसे आपल्या मंडळ्यांतही आहेत, आणि त्यांच्या देणग्यांवर आपली छपरे उभी आहेत.

विलायतेतील संचालकांना मुंबईवरचा खर्च डोईजड वाटे आणि दर जहाजाबरोबर काटकसरीचे हुकूम येत. ऑंजियर यांची प्रकृती ढासळत गेली. १६७५ मध्ये ते सुरतेस परतले आणि ३० जून १६७७ रोजी तेथेच वारले. वय चाळिशीच्या आत. त्यांच्या अमदानीत मुंबईची वस्ती दहा हजारांवरून साठ हजारांवर गेली असे त्या काळचे लोक लिहितात.

मंदिराचे काय झाले? भिंती पंधराएक फूट चढल्या होत्या. काम थांबले. जमा झालेला पैसा पुढे कोणी गिळला याविषयी त्या काळी बरेच बोलले गेले, आणि सर जॉन चाइल्ड या पुढच्या गव्हर्नराकडे बोट दाखवले गेले. ते काही असो, जवळजवळ चाळीस वर्षे त्या भिंती उन्हापावसात उघड्या उभ्या होत्या. गवत वाढले, जाणारायेणारा हसत असे. दावीदाने दगड, लाकूड, सोने सारे जमवून ठेवले आणि मंदिर शलमोनाने बांधले. मुंबईस शलमोन यायला फार उशीर लागला. रिचर्ड कॉब नावाचे धर्मगुरू १७१५ च्या सुमारास पुढे झाले, त्यांनी पुन्हा वर्गणी काढली, आणि १७१८ च्या नाताळात मंदिर उघडले. वर्गणी देणाऱ्यांत परधर्मीय व्यापारीही होते. १८३७ मध्ये ते कॅथीड्रल झाले. कोटाच्या ज्या दरवाजातून या मंदिराकडे रस्ता जाई, त्याला चर्चगेट म्हणू लागले. कोट पाडला गेला, दरवाजा गेला, आणि लोकलच्या फलकावर नाव तेवढे राहिले.

एक खंत मात्र आमच्या मनातून जात नाही. त्या मंदिरात आणि सुरतेच्या वखारीत ज्या प्रार्थना झाल्या, त्या इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेल्या. दाराबाहेर उभ्या असलेल्या कोळ्याला, भंडाऱ्याला, कुणब्याला त्याच्या बोलीत एक शब्दही सांगावा असे कंपनीच्या धर्मगुरूंना वाटले नाही. आश्चर्य असे की साष्टीत राहिलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्येच मराठीत ख्रिस्तपुराण छापले होते. म्हणजे इंग्रज माणसाला मराठी जमत नाही असे नव्हते. कंपनीला मिशनरी नकोच होते. १८१३ च्या फेब्रुवारीत हॉल व नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले तेव्हाही त्यांना परत पाठवण्याचे हुकूम होते. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी सावकाशी दाखवली म्हणून ते राहिले, आणि १८२६ मध्ये त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार छापून झाला. सुरतेस १८१५ मध्ये लंडन मिशनचे स्किनर व फायव्ही आले. १८४० च्या दशकात ते काम आयरिश प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. ऑंजियर यांच्याच देशाची माणसे ही, फक्त वखारीच्या वाटेने न आलेली.

सुरतेस जाण्याचा योग आला तर या कबरस्तानात अवश्य जावे. ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. डच व आर्मेनियन लोकांची कबरस्ताने फार लांब नाहीत. डचांकडील सर्वांत भव्य घुमट व्हान रेडे यांचा. मलबारचे हे डच अधिकारी १६९१ मध्ये सुरतेस येताना जहाजावरच वारले. त्यांच्या वनस्पतीविषयक ग्रंथात रंग भट, विनायक पंडित व आप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र नागरी अक्षरांत छापले आहे. मराठी व कोकणी माणसाला ओळखीच्या अक्षरांचा तो फार जुना छापील नमुना. तेथून इंग्रजांच्या आवारात आले की ऑक्झेंडन बंधूंचा दुमजली घुमट लांबूनच दिसतो. त्यांच्या शिलालेखाची लॅटिन अक्षरे वाचून होतात. मग आसपास नाव नसलेली मोठी कबर पाहावी. चुना बराच निघाला आहे, कमानींत पारवे असतात.